वर्षातलं मोठं उधाण

सुनेने गुडघाभर पाण्यात वाकून होडीच्या तळाखाली हात घातला. तळ खालच्या ओंडक्यांवर जसाच्या तसा टेकलेला होता. बोट शिरेल एवढीसुद्धा फट नव्हती.

“उचलली का पाण्याने?” नवऱ्याने हळूच विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली.

वर होडीत सासरा बसला होता, वरातीतल्या नवरदेवासारखा ताठ. आयुष्यभर होड्या बांधणाऱ्या या माणसाचे डोळे केव्हाच गेले होते. ही शेवटची त्याने नुसत्या हातांनी चाचपत बांधली. जागाही त्यानेच ठरवली. किनाऱ्यावरच्या खडकावर तरुणपणी कोरलेल्या भरतीच्या खुणेवर बोटं फिरवून तो म्हणाला होता, उधाण इथवर येतंच.

खाडीच्या तोंडाशी बांध घातल्यापासून ते खुणेपर्यंत येत नव्हतं. मुलाला ठाऊक होतं, सुनेलाही होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? धंद्याला ओहोटी लागल्यावर म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता. होडी बांधायला घेतली आणि तो पुन्हा चार घास जेवू लागला. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता होडी पुरी झाली. तिला चिखलातून ओढून न्यायला वीस माणसं लागली असती, आणि हाताखालची माणसं कधीच पांगली होती. उरलं होतं आजचं उधाण. उद्यापासून इथे भराव पडणार होता.

“टेकू काढले का रे?” वरून आवाज आला.

“काढले, बाबा.”

“मग हलत का नाही?”

“पाणी चढतंय अजून.”

पाणी उतरायला लागलं होतं. होडी बांधायच्या खुंटावर वीतभर ओला पट्टा उघडा पडला होता.

सून पलीकडे गेली आणि तिने होडीला खांदा लावला. नवऱ्याला उमजायला क्षणभर लागलं. मग त्याने अलीकडून लावला. ती ढकले, हा झेले. होडी डुलू लागली.

“तरली!” म्हातारा ओरडला. “सूनबाई, तरली गं! मी म्हणत नव्हतो?”

“तुमचंच खरं, बाबा,” ती म्हणाली. तिने खांदा आणखी जोरात रेटला.

म्हातारा आनंदाने हसला. मग होडीच्या काठावरून वाकून पाण्याला हात लावायला गेला. हात लांबवत लांबवत त्याने खाली नेला, तेव्हा बोटांना लागला तो मुलाचा घामेजलेला, हलणारा खांदा.

हात तिथेच राहिला. हसू विरत गेलं.

“पुरे कर, बाळा,” तो म्हणाला. “दमलास.”

मुलाला ऐकू आलं, पण थांबायचा धीर होईना. पाणी पोटऱ्यांवर आलं, घोट्यांखाली गेलं, तरी दोघं होडी हलवत राहिली. आणि म्हातारा काठ घट्ट धरून त्यांच्याबरोबर डुलत राहिला.