चंदानं दाखवलेलं घर

खुशालरावांनी आयुष्यभर अकोल्याच्या भाजीबाजारात अडत खाल्ली होती, त्यामुळे दलाल काय चीज असते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. कौलखेडमधलं घर विकायचं ठरलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली आणि फाटकाला तारेनं बांधली : घर विकणे आहे, दलालांनी फिरकू नये.

गिऱ्हाईक आलं की ते ओसरीत खुर्ची टाकून भावाचं बोलायचे. घर दाखवायचं काम सुनेचं. चंदा त्यांच्या थोरल्या मुलाची, धर्मेंद्रची बायको. धर्मेंद्र अपघातात गेला त्याला तीन पावसाळे झाले होते. मूलबाळ नव्हतं. सासऱ्याचा स्वयंपाक, कपडे, औषधपाणी सगळं तीच करायची. हे घर विकून अमरावतीला धाकट्या विपुलकडे राहायला जायचं, एवढं तिच्या कानावर होतं. तिथं आपणही असणार, हे ती धरूनच चालली होती.

एका गिऱ्हाइकानं विचारलं, "आत भाडेकरू वगैरे कोणी नाही ना?"

"कोनी नाई," खुशालराव म्हणाले. "मी पोराकडे चाल्लो. हे सून जाते भावाकडे, मूर्तिजापूरले. घर तुमाले रिकामं भेटन."

चंदा चहाचा ट्रे धरून दारात उभी होती. तिनं चहा दिला, कप परत नेले, धुतले. संध्याकाळी तिनं विचारलं, "मामाजी, मले इचारलं नाई तुमी."

"इचाराचं काय त्यात?" त्यांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. "विपुलच्या घरी जागा कुठी हाये? तुयं माहेर हाये ना."

तिनं भावाला, बंडूला फोन लावला. "तुया वहिनीले इचारून सांगतो," तो म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

तेव्हापासून चंदा घर दाखवताना बोलू लागली. खोटं एक अक्षर नाही. घर काळ्या मातीवर उभं. उन्हाळ्यात मागची भिंत अशी उलायची की फटीत बोट जाईल. बोअरचं पाणी खारं. जोराचा पाऊस झाला की गल्लीतलं पाणी न्हाणीतून उलटं वर यायचं. गिऱ्हाइकाच्या बायकोला स्वयंपाकघरात एकटं गाठून ती हळूच सांगायची. मंडळी "विचार करून कळवतो" म्हणत जायची, ती जायचीच. खुशालराव पाटी खाली उतरवून आणखी ठळक रंगवायचे.

हिवाळ्यात घर बघायला प्रतीक्षा आली. तिचा नवरा रोहित ओसरीत बसला आणि ती सरळ स्वयंपाकघरात येऊन चंदासमोर फतकल मारून तुरीच्या शेंगा सोलू लागली. चंदाशी असं कुणी बसून बोललं, त्याला फार दिवस झाले होते. तिनं भिंतीचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, आणि मग न विचारताच स्वतःचंही सांगितलं. घर विकलं तर मले जागा नाही, म्हून लोकाईले वापस धाडतो, असं सगळं. प्रतीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी कुणाला बोलणार नाही, ताई," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी दोघं परत आली. रोहितनं भिंत, बोअर, न्हाणी एकेक करून काढलं.

"कोन सांगतलं तुमाले?" खुशालराव म्हणाले. "दुश्मन लोक असतात."

"काका, घरातूनच कळलं," प्रतीक्षा शांतपणे म्हणाली. "चंदाताईंनी सांगितलं. त्यांना जायला जागा नाही, म्हणून त्या सगळ्यांनाच सांगतात. त्या इथं आहेत तोवर तुमच्याकडे दुसरं गिऱ्हाईक टिकणार नाही. आम्ही घेतो, पण आमच्या भावानं."

चंदा दाराआड होती. खुशालरावांनी रोहितपुढे हात केला.

"चंदा, चहा ठेव," ते म्हणाले. "सौदा झाला."

पाहुणे गेल्यावर ते आवाज न चढवता बोलले. "तुयासाठी थोडे पैसे वेगळे काढाचे होते मले. तेच कटले." हे खरं होतं की तिला टोचायला बनवलेलं, ते तिला कधीच कळलं नाही.

ताबा द्यायच्या दिवशी खुशालरावांच्या निरोपावरून बंडू छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला. चंदाच्या वडिलांनी लग्नात दिलेलं लोखंडी कपाट उचलायला तो वाकला, तर रोहित म्हणाला, "ते सौद्यात आमच्याकडे ठरलंय." खुशालराव पायताण शोधत होते, त्यांनी नुसती मान डोलावली. चंदानं कपाट रिकामं केलं. साड्या, धर्मेंद्रचे शर्ट चादरीवर ठेवले. प्रतीक्षानं गाठ मारायला चादरीचं एक टोक धरलं.

"ताई, पोळ्या करायला याल का आमच्याकडे?" ती म्हणाली. "गाडीनं जवळच आहे. तुम्हाला घरही माहीत आहे."

चंदानं टोक तिच्या हातातून ओढून घेतलं आणि गाठ मारली.

मूर्तिजापूरला तिला गच्चीच्या जिन्याखालची जागा मिळाली. भावजय घासायची भांडी तिच्यासाठी ठेवू लागली. एप्रिलमध्ये प्रतीक्षाचा फोन आला.

"ताई, मोटर चालते पण टाकीत पाणी चढत नाही. प्लंबर म्हणतो, पाण्याचा कॉक कुठंतरी फरशीखाली दाबला गेलाय. काका फोनच उचलत नाहीत. कुठं आहे तो?"

कॉक न्हाणीच्या मागं होता, एका सैल फरशीखाली. हातानं उचलली तरी निघायची.

"अंगनात हाये," चंदा म्हणाली. "मधोमध. फरशीच्या खाली."

"अहो, अंगणात आत्ताच नवीन टाइल्स बसवल्यात."

"मंग फोडा लागन."

"नक्की ना, ताई?"

"नक्की. नाई सापडला तर आनखी खोल पाहा," चंदा म्हणाली. तिनं फोन ठेवला आणि भावजयीची भांडी पुढं ओढली.