एवान्थियाबाईंच्या किल्ल्या

थेसालोनिकीच्या त्या प्रयोगशाळेत प्रोफेसर स्तेर्गिओस दरवर्षी तेच शिकवायचे: जंतूच्या पेशीत एक प्रथिन जनुकावर ठाण मांडून बसतं आणि त्याचं काम सुरूच होऊ देत नाही. त्याला दुधातली साखर मिळाली, की मग कुठे जागा सोडतं. यंदा मात्र त्यांची जीभ घसरली. "अगदी आपल्या कोठीवाल्या एवान्थियाबाईच! गोड सायीचा बुगात्सा खिलवल्याशिवाय कोठीतून हातमोजासुद्धा सुटत नाही!"

पोरं खिदळली. भिंतीपलीकडे बाईंनी ते ऐकलं, किल्ल्या टेबलावर आपटल्या आणि त्या तडक गावी निघून गेल्या.

कोठी सताड उघडी! प्रोफेसरांना कोण आनंद झाला! पण चार दिवसांत पोरांनी स्पिरिटने खिडक्या पुसल्या, हातमोज्यांचे फुगे केले आणि जंतू वाढवायच्या बशांत ऑलिव्ह खाल्ले. पाचव्या दिवशी खुद्द प्रोफेसरांच्या प्रयोगाला एक बशी उरली नाही. त्यांनी मुकाट्याने बुगात्सा बांधून घेतला आणि गावची बस पकडली.

बाई वयाने वडील. त्यांनी अंगणातच पुडा सोडला आणि खाता खाता विचारलं, "काय रे, ते ठाण मांडणारं प्रथिन पेशीतून गेलंच, तर काय होतं?"

"पेशी नको ते बनवत सुटते," प्रोफेसर पुटपुटले. "होतं नव्हतं ते उधळते."

"सव्वीस वर्षं भिंतीआडून तुझा धडा ऐकतेय," बोटांची साखर झटकत बाई म्हणाल्या, "हा अर्धा कधी शिकवलास?"