झोपलेलं तांबं

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला सोनईतल्या राधाकृष्णच्या दुकानाच्या जिन्यावर चपलांचा ढीग पडला होता. खाली दुकानात ठिबकच्या नळ्या, पाणबुडी मोटारी आणि वायरींची भेंडोळी. वर माणसं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, वर कुणाची तरी सुपारी फुटतेय. प्रत्यक्षात वर पंधरा-वीस शहाणीसुरती माणसं मांडी घालून, डोळे मिटून, कपाटाएवढ्या दोन स्पीकरांसमोर बसली होती आणि एक वायर जागी व्हायची वाट बघत होती.

वायर जागी करणारे गृहस्थ होते नादाचार्य श्रीमंत. अंगात पांढरा झब्बा, खांद्यावर शाल, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण आजवर बहिरेच होतो याची खात्री पटावी.

"तांबं झोपलेलं असतं," आचार्य सांगत होते. "खाणीतून ओरबाडतात, भट्टीत टाकतात, ओढून ओढून वायर करतात. त्या तांब्याच्या मनावर काय आघात होत असेल! अशा दुखावलेल्या तांब्यातून तुम्हाला भूप ऐकायचाय? आमची वायर एक्केचाळीस दिवस बर्फात ठेवतात आणि एक्केचाळीस दिवस तंबोऱ्याशेजारी. मग तांबं आपलं दुःख विसरतं. मात्र एक सांगतो. ज्याच्या कानात मत्सराचा मळ आहे, त्याला फरक ऐकू येणार नाही. तो दोष वायरीचा नव्हे."

आधी साध्या वायरीवर एका बाईंचा भूप वाजला होता. मग आचार्यांनी निळ्या मखमलीतून आपली वायर काढून स्पीकरांना जोडली, सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि तोच भूप पुन्हा लावला.

"आहाहा!" मेडिकलवाले म्हणाले. "पडदा उठला!"

"बाईंच्या बांगड्या वाजल्या," निवृत्त तलाठी म्हणाले.

"काचेच्या," मेडिकलवाल्यांनी भर घातली.

कानात मळ असल्याचं कबूल कोण करणार? प्रत्येकाला काही ना काही ऐकू आलं, आणि शेवटच्या माणसाला तर तबलजीने आवंढा गिळलेलाही ऐकू आला.

दाराशी बसलेल्या रोहिणीला संताप येत होता. ती राधाकृष्णची बायको, हायस्कुलात विज्ञान शिकवणारी. तिचा अर्धा संताप स्वतःवरच होता, कारण खरं सांगायचं तर फरक तिलाही ऐकू आला होता. दुसऱ्या वेळी गाणं भरघोस वाटलं, जवळ आल्यासारखं वाटलं. बर्फ, तंबोरा, तांब्याचं दुःख हे सगळं थोतांड आहे हे तिला कळत होतं, पण कान साक्ष देत होते. वर्गात ती मुलांना सांगायची, आधी निरीक्षण करा, मग बोला. आता निरीक्षणच उलटलं होतं.

राधाकृष्णचा हा नाद सात वर्षांचा. माणूस निर्व्यसनी, दुकान चोख. पण वर ही ऐकायची खोली. भिंतींना फोम, खाली गालिचा, आणि मधोमध काचेचे दिवे पेटणारा ॲम्प्लिफायर, जो अर्धा तास तापल्याशिवाय साहेब गाणं ऐकत नसत. गाणं चालू असताना घरातला फ्रिज बंद, कारण फ्रिजमुळे म्हणे वीज मळते. दोनदा दूध नासलं. शेतीच्या लाइनीवर मोटारी चालू असल्या की गाण्यात त्यांना गावातले सगळे बोअर ऐकू यायचे.

कुठल्याही लग्नात गेला तरी याला आपल्या नादाचं समर्थन करावं लागे. कुणी विचारलं की सुरू: "तुम्ही गाडी बदलता, त्याला कोण विचारतं? मी ऐकतो. जीभ शिकते, डोळे शिकतात, तसा कानही शिकवावा लागतो." लोक मान डोलवायचे आणि पाठ वळली की हसायचे. सगळ्यांत मोठ्याने हसायचा रोहिणीचा भाऊ गहिनीनाथ, राहात्याचा पेरूवाला. "दाजी, एवढ्यात ट्रॅक्टर आला असता. त्यो बी गातो की!"

हाच गहिनीनाथ आज पहिल्या रांगेत होता. डोळे उघडून तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "व्हय दाजी. उघडलं गड्या."

राधाकृष्णच्या डोळ्यांत पाणी आलं. सात वर्षं ज्याने खिल्ली उडवली, त्याने भर सभेत कबुली दिली होती. हे पाणी रोहिणीनेही पाहिलं. आता वायर घेतली जाणार हे नक्की झालं होतं.

आणि वायरीची किंमत बरोब्बर लंकाबाईंच्या दोन कानांएवढी होती. लंकाबाई म्हणजे राधाकृष्णची आई. गेली तीन वर्षं त्यांना कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. नगरच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांना यंत्रं सांगितली होती. उशीर कराल तर बोललेलं ओळखायची सवयच मोडेल, असंही बजावलं होतं. सोमवारी जायचं ठरलेलं होतं. काल रात्री जेवताना राधाकृष्ण हळूच म्हणाला होता, "आईचं दिवाळीनंतर बघू. ही वायर पुन्हा मिळणार नाही." रोहिणीने स्वतःचं ताट उचललं. लंकाबाईंना काहीच ऐकू आलं नाही, त्यामुळे त्यांनी त्याला आणखी एक भाकरी वाढली.

आत्ताही त्या भिंतीशी बसून मेथी निवडत होत्या. आचार्यांनी आल्या आल्या विचारलं होतं, "या कोण?" राधाकृष्ण म्हणाला, "आई. तिला ऐकू येत नाही." त्यावर आचार्यांनी त्यांच्याकडे पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. ध्वनीच्या दरबारात बहिरीला काय किंमत!

वाहवा चालू असतानाच लंकाबाई मोठ्याने म्हणाल्या, "आगं रोहिनी, त्या पेटीचं बटन आपलं आपन फिरलं की!"

मेडिकलवाल्यांनी हात जोडले.

"आपोआप फिरलं? हात न लावता?"

"तांब्याची शक्ती!" तलाठी म्हणाले. मागच्या एकाने मोबाईल काढून बटनाचा फोटो घेतला, आणि बाकीचे त्याच्या फोटोत डोकावले.

सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं होतं, पण ती आज्ञा लंकाबाईंना ऐकूच गेली नव्हती. अख्ख्या खोलीत उघडे डोळे दोनच, आणि ते ज्यांचा हिशेब कुणी धरला नव्हता त्यांचे. रोहिणी उठली, सासूच्या कानाशी वाकली आणि ओरडली, "आई, बटन फिरलं तेव्हा आचार्य काय करत होते?"

"त्यो व्हय? त्यो काळी डबी धरून हुता. टीव्ही लावतो जनू!"

रोहिणीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या ॲम्प्लिफायरचा रिमोट कुठंय?"

"आचार्यांकडे दिलाय. चार जणांचे हात नकोत म्हणाले."

"वहिनी, संशय घेऊ नका," आचार्य शाल सावरत म्हणाले. "संशयाने तांबं पुन्हा झोपतं."

"मग रात्री मला शंका आली की वायर वाया? दुरुस्तीला कुठं पाठवायची, हिमालयात?"

खोलीत खसखस पिकली. रोहिणीने हात पुढे केला. वीस माणसं बघत असताना नाही म्हणणं आचार्यांना जमलं नाही, आणि शालीखालून रिमोट बाहेर आला.

"आता मी नादाचार्य," रोहिणी म्हणाली. "अझहरभाई, जरा इकडे या."

अझहर लग्नाच्या मांडवात स्पीकर लावणारा. आजचे स्पीकर हलवायला म्हणून आला होता आणि मघापासून कोपऱ्यात तोंड मिटून बसला होता. रोहिणी त्याच्या कानात काहीतरी बोलली. तो हसत खाली दुकानात गेला आणि काखेत काहीतरी घेऊन परत आला. मग ॲम्प्लिफायरच्या मागच्या बाजूवर चादर टाकली आणि त्याने चादरीआड वायरी जोडल्या.

"ही साधी वायर," रोहिणी म्हणाली. भूप वाजला. थांबला. अझहरने चादरीआड खुडबुड केली. "आता जागी वायर. डोळे मिटा."

सगळ्यांनी डोळे मिटले. तिने रिमोटचं बटन अलगद दोनदा दाबलं.

"आला! पडदा उठला!"

"बांगड्या!"

"बघा मॅडम, तुमच्या हातूनही जागं झालं!" तलाठी म्हणाले.

अझहरने चादर ओढली. मागे लावलेली होती पाणबुडी मोटारीची काळी चपटी वायर, खालच्या दुकानातली, मापाच्या खुणांसकट. आचार्यांची वायर मखमलीत निवांत पडली होती.

"दोन्ही वेळा हीच हुती," अझहर म्हणाला. "खुडबुड निस्ती हाताची. आमच्या धंद्यात ही जुनी गंमत हाय, शेठ. नवरीचा मामा येऊन म्हनतो, आवाजात दम न्हाई. आमी बटन इत्कुसं पुढं सारतो आन् म्हनतो, मामा, नवा स्पीकर जोडला. मामा खूश!"

"आपल्या कानाला थोडा मोठा आवाज मोठा वाटत नाही, चांगला वाटतो," रोहिणी म्हणाली. "बारीकसारीक ऐकू येतं, गाणं जवळ आल्यासारखं वाटतं. तुम्ही खोटं बोलला नाहीत. मलाही फरक ऐकू आला होता. फरक होता, पण तो वायरीचा नव्हता. आवाजाच्या या बटनाच्या आत बारकी मोटर असते. रिमोट दाबला की ती बटन फिरवते. आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले असले की रिमोट लपवायचीही गरज पडत नाही."

गहिनीनाथ मान खाली घालून बसला होता. "दाजी, खरं सांगू का? मला मघाशी काय बी फरक ऐकू आला न्हाई. पन कानात मळ हाय म्हनून घ्यायला कोन तयार व्हनार? आन् तुमचं तोंड बघितलं. म्हनलं, जाऊ दे, येवढी वर्सं लई हसलो."

ते राधाकृष्णला रिमोटपेक्षा जास्त लागलं. तो ताडकन उठला. "ठीक आहे. आचार्यांनी लबाडी केली. पण वायरीत फरक असतोच! आवाज सारखा ठेवा, मी ओळखतो. सात वर्षं कान तयार केलाय मी!"

"दहा वेळा," रोहिणी म्हणाली. "नऊ ओळखा. उद्याचं नगर रद्द करून मी स्वतः ती वायर घेऊन देते."

बोलून गेल्यावर तिच्या मनात आलं, समजा ओळखलंच तर? पण शब्द दिला होता. तिने रिमोटचे सेल काढून सासूच्या ओटीत टाकले. कपाळाची टिकली काढून बटनावर खूण म्हणून चिकटवली. अझहरने चादरीआड दर वेळी रुपया उडवायचा. छापा पडला तर जागी वायर, काटा पडला तर मोटारीची. काय जोडलं ते त्याने कागदावर लिहायचं आणि चादरीबाहेर तोंडही काढायचं नाही, कारण तोंडावरूनही उत्तर कळतं.

दहा वेळा भूप वाजला. राधाकृष्ण घामाघूम झाला. पहिल्या दोन वेळा त्याने तडक उत्तर दिलं, मग वेळ लागायला लागला. सातव्या वेळी "पुन्हा लावा" म्हणाला. नवव्या वेळी डोळे मिटून म्हणाला, "हीच. हीच जागी. शंकाच नाही. हा विस्तार दुसऱ्या वायरीत येऊच शकत नाही."

कागद समोर आला. दहापैकी चार बरोबर. रुपयाने याच्यापेक्षा बरी उत्तरं दिली असती. आणि नवव्या वेळी, ज्या विस्ताराने त्याचे डोळे मिटले होते, तो मोटारीच्या वायरीतून आला होता. ती वायर तो स्वतःच गावाला मीटरवर विकत होता.

सगळे हसले. रोहिणी हसली नाही. तिला नवऱ्याची दया आली. आपल्याला कळतं, दुसऱ्याला कळत नाही, एवढ्या एका समजुतीवर त्याने सात वर्षं लोकांचं हसणं सोसलं होतं. ती त्याच्याजवळ जाऊन म्हणाली, "गाणं आवडतं ना तुम्हाला? मग ऐका की. त्याला कुणाची परवानगी कशाला लागते? पण आवड पटवून देण्यासाठी चमत्कार विकत घेऊ नका."

आचार्य एव्हाना मखमल गुंडाळून जिन्यात पोहोचले होते, पण चपलांच्या ढिगात त्यांची एक चप्पल काही केल्या सापडेना. जाग्या तांब्याने त्या कामी मदत केली नाही. एका पायात चप्पल घालून त्यांनी गाडी गाठली.

सोमवारी तिघं नगरला गेली. डॉक्टरांनी दोन प्रकारची यंत्रं काढली, एक बरंच महाग. राधाकृष्ण सवयीने म्हणाला, "महागातलंच द्या डॉक्टर, त्यात आवाज जास्त..." आणि मध्येच गप्प झाला.

"त्यांनाच विचारू," डॉक्टर म्हणाले. कुठलं कुठलं हे न सांगता त्यांनी एकामागून एक यंत्र लंकाबाईंच्या कानात बसवलं, आवाज दोन्हींत सारखा ठेवला आणि तोंडासमोर कागद धरून शब्द म्हटले. लंकाबाईंनी ते एकेक परत म्हणून दाखवले. मग डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कशात चांगलं ऐकू आलं?"

राधाकृष्ण आईच्या तोंडाकडे बघत होता. लंकाबाईंनी नीट विचार केला. भोवती डॉक्टर, पांढरे कोट, चकचकीत यंत्रं. पण त्यांना कुणासमोर कान शुद्ध असल्याचं सिद्ध करायचं नव्हतं.

"दोन्हीत सारखंच येतंय," त्या म्हणाल्या. "मला काय फरक वाटंना. स्वस्तातलं द्या."

वीस कानवाल्या माणसांना जे म्हणता आलं नाही, ते बहिऱ्या बाईने एका दमात म्हणून टाकलं. वाचकहो, कुणी चमत्कार दाखवताना डोळे मिटायला सांगितलं तर ते उघडे ठेवा, आणि झाकायचंच असेल तर वस्तू झाका. तेवढ्यावरही फरक कळला नाही, तर चारचौघांत मोठ्याने सांगा की फरक नाही.