पाळण्यावरची रेंज

आमच्या घरात मोबाईलला रेंज एकाच ठिकाणी येते, आणि नेमका तिथेच माझ्या मुलीचा पाळणा टांगलेला आहे.

यात तसा कुणाचा दोष नाही. स्लॅब टाकला तेव्हा पाळण्यासाठी लोखंडी कडी एकच सोडली, मधल्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीजवळ. तेव्हा घरात पाळणाही नव्हता आणि मीही नव्हते. मागच्या खोलीत मिरचीची पोती असतात, तिथे जरा वेळ बसलं की मोठ्या माणसालाही ठसका लागतो. पुढच्या ओट्यावर दिवसभर ऊन आणि कुत्री. मग चारू मधल्या खोलीतच झुलणार. आणि टॉवर पार तापीच्या पलीकडे, तिकडून येणारी रेंज त्या एका खिडकीतून आत येते, पाळण्यापर्यंत पोचते आणि संपते. दोन पावलं इकडे सरकलं की फोन कट.

चारू चार महिन्यांची आहे. झोपेत तिच्या मुठी अर्ध्या उघड्या राहतात, कुणी काही धरायला दिलंय आणि ती ते विसरून गेलीय, अशा. संध्याकाळचं ऊन खिडकीतून आलं की तिच्या कानाची पाळी आरपार गुलाबी दिसते. त्या कानापासून वीतभर अंतरावर माझे सासरे रोज सकाळी पपईचा भाव विचारतात.

सासरे म्हणजे दोधू आप्पा. आमच्याकडे पपई आहे, आणि पपईचा भाव रोजच्या रोज फोनवर निघतो. आप्पा एका हाताने पाळण्याची दोरी धरून उभे राहतात, दुसऱ्या हाताने फोन कानाला, आणि व्यापाऱ्याशी हिंदीत भांडतात. भाव चढा असला की पाळणा जोरात हलतो. पडला की थांबतो. चारूला एव्हाना बाजार कळायला लागला असेल.

बरं, आप्पा एकटे असते तर मी गप्प बसले असते. पण आमच्या खिडकीची कीर्ती गल्लीभर. शेजारचा मगन, आप्पांच्या भावकीतला, बांधावरून आप्पांशी त्याचं बोलणं बंद आहे. तोही चप्पल बाहेर काढून, आप्पांकडे न बघता सरळ आत येतो. "वहिनी, दोन मिनिट बोली लेस," म्हणतो आणि पाळण्यावर वाकतो. कुणाला मुलीच्या सासरी बोलायचं असतं, कुणाला गॅसचा नंबर लावायचा असतो. जाताना सगळे चारूच्या गालाला हात लावतात, कारण लेकराच्या घरातून नुसतं कसं निघायचं.

मीही काही वेगळी नाही. माझा नवरा भूपेश विसरवाडीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात असतो, शनिवारी येतो. त्याचा फोन मलाही तिथेच घ्यावा लागतो. फक्त मी आधी चारूला सासूबाईंच्या मांडीवर देते, मग बोलते. एवढंच इतरांनी करावं, असं मला वाटायचं. पण झोपलेलं लेकरू उचलायचं कुणी? मीच. दिवसातून किती वेळा? मोजणं मी सोडून दिलं.

लसीकरणाला नंदुरबारला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं. भला माणूस, घाईत होता तरी बसून बोलला. म्हणाला, बाई, इतकी वर्षं अभ्यास चाललेत, मोबाईलने नक्की अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही. पण अजिबात काहीच होत नाही असंही कुणी छातीठोकपणे सांगत नाही. लहान मुलांबाबत तर अजून कमीच माहिती आहे. तेव्हा घाबरायचं नाही, फोन लेकराच्या डोक्याशी ठेवायचा नाही. हातभर लांब गेला तरी खूप फरक पडतो.

मला हे उत्तर आवडलं होतं. घरी आल्यावर त्याचे तुकडे झाले. आप्पांनी "सिद्ध झालेलं नाही" एवढं घेतलं आणि पुन्हा पाळण्यापाशी फोनवर उभे राहिले. सासूबाईंनी "लांब ठेवा" घेतलं आणि माझा फोन उचलून मिरचीच्या पोत्यांवर नेऊन ठेवला. फक्त माझा. आप्पांचा फोन म्हणजे कामाचा फोन, त्यातून काही निघत नसावं.

मी शांतपणे सांगून पाहिलं. आप्पांनीही ऐकून घेतलं, नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपाय काढला. फोन स्पीकरवर टाकून खिडकीच्या फळीवर ठेवायचा आणि आपण ओट्यावर खाटेवर बसून बोलायचं. आप्पा लांब गेले. फोन चारूच्या उशाशी राहिला. वर ओट्यावरून आवाज पोचावा म्हणून आप्पा ओरडणार, व्यापारी दिल्लीहून ओरडणार, आणि मधे पाळण्यात माझी लेक दचकून रडणार. आप्पा मला म्हणाले, आता तर झालं ना तुझ्या मनासारखं, मी किती लांब बसलोय बघ.  लांब जायचंय ते फोनने, आप्पांनी नाही, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्यांचा चेहरा इतका समाधानी होता की मी चारूला घेऊन न्हाणीघराकडे निघून गेले.

त्यात ममताताई. माझ्या नणंद, सुरतला असतात, चारूचं नाव त्यांनीच ठेवलं. त्यांना चारूची माझ्याहून जास्त काळजी आहे. त्या रोज एक व्हिडिओ पाठवतात. मोबाईलमुळे लेकरांच्या मेंदूचं काय होतं, लाल बाण, मागे भुताच्या सिनेमासारखं संगीत. तो व्हिडिओ उतरायला रेंज लागते, म्हणून आप्पा तो पाळण्यापाशी उभं राहून बघतात. मग लगेच ममताताईंचा व्हिडिओ कॉल, चारूला दाखवा. फोन चारूच्या तोंडासमोर. ममताताई तिकडून म्हणतात, वहिनी, फोन लांब ठेवत जा हं तिच्यापासून.

त्यांनीच एक सोनेरी गोल स्टिकर पाठवलं. फोनच्या पाठीला लावलं की सगळं रेडिएशन शोषून घेतं म्हणे. सासूबाईंनी आधी त्याला हळदकुंकू वाहिलं, मग आप्पांच्या फोनला लावलं. तेव्हापासून रेंज आणखी पडली. खरंच पडली की आप्पांचा भास, देव जाणे, पण आता ते खिडकीत उभे न राहता पाळण्यावर वाकून बोलायला लागले. भूपेशला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, तू जरा समजुतीने घे ना. त्याला समजुतीने घ्यायला काय जातंय, तो विसरवाडीत बसलाय, तिथे हायवेवर रेंजच्या पाचही दांड्या असतात.

आणि मग टॉवर आला. म्हणजे यायचं ठरलं. मगनच्या वावराच्या कडेला पडीक तुकडा आहे, गावापासून बरा लांब, तिथे कंपनीला टॉवर उभा करायचा होता. मला तर चारू जन्मल्यापासून इतकी चांगली बातमी कुणी दिली नव्हती. टॉवर आला की रेंज घराघरात जाईल, लोक आपापल्या खाटेवर लोळत बोलतील, माझी मधली खोली माझी होईल.

आप्पा पेटले. टॉवरने पपईला फळ धरत नाही. टॉवरने चिमण्या जातात. टॉवरने लेकरं मंद होतात. ममताताईंचे सगळे व्हिडिओ त्यांना आता पाठ झाले होते. हे सगळं ते मला आणि सासूबाईंना पाळण्याला टेकून सांगत होते, खिशात फोन, आणि फोन वाजला की तसंच वाकून बोलत होते. तुकडा मगनचा नसता तर चिमण्यांचं इतकं वाटलं असतं का, हे विचारायची सोय नव्हती.

ग्रामसभेच्या सकाळी ते मला म्हणाले, चारूला चांगला फ्रॉक घाल आणि तूही चल. मी विचारलं, कशाला? तर म्हणे कंपनीच्या साहेबाला लेकरू दिसलं पाहिजे.

म्हणजे माझी मुलगी पुरावा.

मी गेले. शाळेच्या खोलीत सभा होती. सरपंच रमिलाबाई खुर्चीवर, शेजारी कंपनीचा माणूस, त्याने छापील कागद वाटले, टॉवरचं रेडिएशन सरकारी मर्यादेच्या किती आत आहे ते सांगितलं. त्याला सगळंच पाठ होतं, त्यामुळे कुणाचाच विश्वास बसला नाही. कुणी विचारलं, धोका शून्य आहे का, सांगा. तो म्हणाला, मर्यादेच्या आत आहे. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.

मग आप्पा उठले. माझ्याकडे हात करून म्हणाले, "मन्हा घर मा चार महिनानी पोर शे. टावर व्हयना ते तिना मेंदूले काय व्हई, हाई कोन सांगी?"

सगळे चारूकडे बघायला लागले. बायकांनी चक्‌चक् केलं. चारू माझ्या पदराचं टोक चोखत होती. तिच्या कपाळावर सकाळच्या भावाच्या वेळी आप्पांच्या फोनला बांधलेली दोरी घासून एक लाल रेघ उठली होती, ती अजून गेली नव्हती. मला वाटलं, आता मी नाही उठले तर कोण उठणार. आणि मी बसल्या जागीच बोलले.

"आप्पा, उलटं शे. टावर दूर ऱ्हायना का फोनले जोरमा हाक मारनी पडस. तो सगळा जोर चारूना डोकावर करस. टावर जोडे, जवळ व्हयना ते फोन हळू बोली."

 कंपनीच्या माणसालाही अहिराणी कळली असावी, तो मान हलवायला लागला आणि मला त्याचा राग आला. मी म्हटलं, तुम्ही मान हलवू नका, टॉवर शाळेच्या आणि घरांच्या डोक्यावर नको, लांबच हवा, आणि वर्षाला एकदा येऊन मोजून दाखवायचं, ते लिहून द्या. मला शून्य धोका कुणी द्यावा असं माझं म्हणणं नाही. जो रोज सकाळी माझ्या पाळण्यावर वाकतो तो आधी कमी करा.

मागून मगन म्हणाला, "आप्पा, पह्यले घरनी सभा करी ल्या, मंग गावनी."

लोक हसले. फार हसले. आप्पा खाली बसले. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. रमिलाबाईंनी मोजणीचं लेखी आल्यावर पुढच्या सभेत बघू म्हणून विषय संपवला. म्हणजे टॉवर आलाही नाही आणि गेलाही नाही. मी मात्र चांगलीच अडकले.

घरी आप्पा जेवले, पण माझ्या हातची भाकर सासूबाईंकडून मागून. सासूबाई मला म्हणाल्या, खरं होतं ते इथे सांगायचं होतं, तिथे चार लोकांत कशाला. मी म्हटलं, आई, इथे किती वेळा सांगितलं? त्या चारूच्या कपाळावरच्या रेघेला तेल लावत बसल्या. मला वाईट वाटत होतं. आप्पांची टोपी झटकणं डोळ्यांपुढून जात नव्हतं. पण तरी मी मनात माफी मागितली की लगेच ती लाल रेघ दिसायची आणि माफी अर्ध्यात राहायची.

दुसऱ्या दिवशी भावाची वेळ झाली. मी पाळण्याशी बसून होते. आप्पा फोन घेऊन आले आणि उंबरठ्यावरच थांबले. फोनकडे बघितलं, चारूकडे बघितलं, माझ्याकडे नाही. व्यापारी थांबत नसतो, भाव चुकला की माल पडून राहतो, हे मलाही माहीत होतं. मी चारूला उचलायला हात घातला. तेवढ्यात ते वळून निघून गेले.

थोड्या वेळाने बाहेर शिडी घासल्याचा आवाज आला. सासूबाई ओरडल्या, गुडघे काय म्हणतात ते आधी विचारा. मग स्लॅबवर पावलं. आधी पुढच्या बाजूला, मग मागच्या, मग पावलं हळूहळू आमच्या दिशेला सरकत आली आणि बरोबर पाळण्याच्या वर येऊन थांबली. रेंज वरही तिथेच होती.

"हॅलो, हां, बोलो सेठ," वरून ऐकू आलं.  मग व्यापाऱ्याला बहुतेक थांबवून ठेवलं, कारण पुढचा आवाज शिडीसारखा खाली सोडलेला होता, सासूबाईंसाठी.

"तिले इचार. मधमा स्लॅब शे. आते चाली का?"

सासूबाई दारात आल्या. माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या, जणू मी डॉक्टर आहे.

मला खरंच माहीत नव्हतं. सिमेंट किती अडवतं, लोखंडाच्या सळ्या काय करतात, शेवटी किती उरतं. कॉलेजात शिकलेलं सगळं आठवून पाहिलं, एवढ्या उपयोगाचं काहीच नव्हतं. वीतभराची जागा आता दोन पुरुष उंचीची झाली होती, मधे स्लॅब होता, आणि त्यावर एक म्हातारा माणूस उन्हात, उत्तर मिळेपर्यंत दिल्लीच्या व्यापाऱ्याला थांबवून उभा होता.

"चालेल म्हणावं," मी म्हटलं. "आणि डोक्यावर रुमाल घ्या म्हणावं."

वर भांडण सुरू झालं. आज भाव पडलेला होता, आवाजावरून कळत होतं. आप्पा पाय आपटत होते, आणि प्रत्येक पायाबरोबर कडीवरून चुन्याची जराशी भुकटी खाली येत होती. मी पाळण्यावर पदर धरला. पदराखाली चारू जागी होती. ती रडली नाही, डोळे वर करून आजोबांचा आवाज कुठून येतोय ते शोधत होती.

तेवढ्यात शिडी पुन्हा घासली. मगन वर चढत होता. त्यालाही फोन करायचा होता.