सहावा माणूस

त्या रस्त्यावर जो तो पाच माणसांवर धंदा रेटत होता. शिंप्याकडे पाच, छापखान्यात पाच, गॅरेजमध्ये पाच. शिंप्याकडे टाकलेला शर्ट दोन-दोन महिने मिळत नसे. तोवर अंगाने भरणारा माणूस भरून जाई आणि वाळणारा वाळून जाई, पण शिंपी काही सहावा कारागीर ठेवत नसे. आळस म्हणाल तर तो नव्हे, चिकटपणाही नव्हे. हा सगळा कायद्याचा प्रताप. पाच पगारी माणसांपर्यंत धंदा लहान समजला जाई. वर्षातून एकदा ठरलेली छोटी रक्कम भरली की सुटलात. सहावा माणूस आला की मात्र धंदा एका दिवसात मोठा. मग सगळ्या नफ्यावर टक्केवारीने कर, दर महिन्याला हिशेबाचे तक्ते, वर्षअखेरीला तपासणी. ज्या कुणी हा कायदा केला त्याला लहान माणसाचं भलं करायचं होतं. ते त्याने इतकं मनापासून केलं की मोठं व्हायची कुणाची छातीच होईना.

बेकरीतही हाच पेच होता. बेकरीवाल्यांना सगळे दादा म्हणत आणि त्यांच्या बायकोला वहिनी. दादा पाव करत, वडील करायचे तसाच, आणि पावाबद्दल कुणी वावगा शब्द काढलेला त्यांना खपत नसे. वहिनी बिस्किटं आणि केक करत. माणसं पाच होती आणि काम सात जणांचं होतं. पहाटे पीठ मळायला घेतलं की दुपारपर्यंत कुणाला पाठ टेकायला मिळत नसे.

शेवटी दादांनी करसल्लागाराला गाठलं. हा गृहस्थ असा, की त्याला सरळ रस्ता दाखवला तर तो आधी त्याची पळवाट शोधे.

"एकाचे दोन करा," तो म्हणाला. "पाव हा तुमचा धंदा, बिस्किटं हा वहिनींचा. दोघांना पाच-पाच माणसं. मोकळे!"

"अहो, पण आम्ही नवरा-बायको."

"त्याला कायद्याची काही हरकत नाही, दादा. फक्त दार वेगळं पाहिजे, वीज मीटर वेगळा पाहिजे, पाटी वेगळी पाहिजे. आणि मध्ये भिंत."

वहिनी म्हणाल्या, "बघा बुवा." बायको असं म्हणते तेव्हा खरंच बघायचं असतं, पण दादांना घाई होती. गवंड्याने तीन दिवसांत भिंत उभी केली. त्यात दादांनी हट्टाने एक खिडकी ठेवून घेतली, मिठाची वाटी इकडून तिकडे जाईल एवढी. जुन्या पाचांपैकी तिघं दादांकडे राहिले. त्यांतले एक मामा, दादांच्या वडिलांच्या वेळेपासून पीठ मळणारे. दोघं वहिनींकडे गेले आणि वहिनींनी महिन्याभरात आणखी तिघं घेतले.

आता दोन धंदे म्हटल्यावर वाटीभर मीठसुद्धा फुकट देता येईना. सल्लागाराने बजावलंच होतं, की बिलाशिवाय काही हलवू नका, नाहीतर भिंत खोटी ठरेल. त्यामुळे दादा खिडकीतून हात घालत आणि पलीकडून आधी पावती येई, मग मीठ. एकदा पावतीवर "साखर, पाऊण किलो, कालची बाकी धरून" असं वाचून दादा खवळले. "अगं, कालची साखर मी तुझ्याच चहात घातली!" वहिनी पलीकडून म्हणाल्या, "मग चहाचं बिल द्या." मामांना हसू आवरेना. ते कणकेत तोंड लपवत होते.

दुसऱ्या महिन्यात करखात्याचे निरीक्षक साहेब आले. दारं पाहिली, मीटर पाहिले, भिंतीवर बोटाने टकटक केलं. तेवढ्यात खिडकीतून वहिनींचा हात आला. हातात कप होता.

"हे काय?" साहेबांनी वही उघडली. "विक्री की भेट?"

दादा काही बोलणार तोच पलीकडून आवाज आला, "नवऱ्याला चहा देतेय साहेब. याच्यावर कर लागत असेल तर सांगा, उद्यापासून बंद करते. तुमचंही लग्न झालेलं असेल, तर घरी जाऊन हेच विचारा."

साहेबांनी वही मिटली. त्यांनाही एक कप मिळाला आणि त्याची नोंद कुणी केली नाही.

इथपर्यंत सगळी मजाच होती. चौथ्या महिन्यात दादांनी आपला जमाखर्च मांडला. पावात तोटा होता. त्यांनी पुन्हा बेरीज केली. तोटा जागचा हलला नाही. मैदा महागला होता, सरपण महागलं होतं. कारखान्याचा कापलेला पाव स्वस्त होता, त्यामुळे दादांना भाव वाढवता येत नव्हता. एकत्र बेकरी होती तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची होती. आता मूठ उघडली आणि आत काय होतं ते दिसलं. वरून गंमत बघा, तोटा असो की फायदा, लहान धंद्याची ती ठरलेली रक्कम भरायचीच होती. दोन धंदे केले म्हणून आता ती दोनदा जात होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आयुष्यभर दादांची समजूत होती, की आपला पाव घर चालवतो आणि बायकोची बिस्किटं म्हणजे हौस. ही समजूत त्यांनी पाहुण्यांसमोर, वहिनींच्या देखत, कितीदा तरी बोलून दाखवली होती. आता ते सगळं आठवून त्यांचे कान तापले. पण लाजेचं ओझं एक वेळ सोसलं असतं. पुढच्या महिन्यात तिघांचा पगार भागणार नव्हता, आणि मामांना काय सांगायचं? त्या म्हाताऱ्याला मळण्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं, आणि त्यांच्यासारखं मळणं दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

खिडकीतून वहिनींचं फोनवरचं बोलणं ऐकू येई. "नाही हो, एवढे केक नाही जमणार. माणसं कमी पडतात." आठवड्यातून तीनदा तरी त्या ऑर्डर परत पाठवत. इकडे उद्या कामाविना राहणारी माणसं, तिकडे माणसांविना काम, आणि मध्ये चार इंचांची भिंत. सहावा माणूस घेतला की कर लागणार, म्हणून घरी चालून आलेली लक्ष्मी वहिनी दारातून परत पाठवत होत्या. दादा ऐकत आणि उसासे टाकत. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी, दुपारी माल संपल्यावर, त्यांनी एप्रन काढला, चेहरा धुतला आणि रस्त्यावरून वळसा घालून बायकोच्या दाराशी गेले. आत जाताना त्यांनी चक्क पायपुसण्यावर पाय पुसले.

"या," वहिनी म्हणाल्या. "काय घेणार?"

"थट्टा नको गं." दादा उभेच राहिले. "माझं एक काम आहे. मामांना तुझ्याकडे घे. सहावा माणूस होईल, कर लागेल, मला कळतंय. पण त्यांना घे. बाकीचे दोघं तरुण आहेत, त्यांचं मी कुठेतरी बघतो."

"आणि पाव?"

"पाव बंद करतो." हे तीन शब्द बोलायला त्यांना फार कष्ट पडले. "तोट्यात आहे तो."

वहिनींनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "किती?"

दादांनी आकडा सांगितला. खालच्या आवाजात सांगितला, तरी तो फार मोठा वाटला.

"वाटलंच होतं," वहिनी म्हणाल्या. "दरवर्षी चार महिन्यांत साधारण एवढाच असतो."

"दरवर्षी?"

"अहो, वह्या कोण लिहायचं इतकी वर्षं? मीच ना?"

दादा स्टुलावर बसले. "तुला माहीत होतं? आणि मी पाहुण्यांसमोर ते..."

"ते 'माझ्या पावावर घर चालतं' ना? चालतंच की. लोक दारात येतात तुमच्या पावाच्या वासाने, आणि जाताना बिस्किटं नेतात. मागच्या मंगळवारी तुमची भट्टी बंद होती, तर माझा निम्मा माल पडून राहिला. मी सगळी मांडणी करून बघितलीय." त्यांनी टेबलावरचा कागद पुढे सरकवला. "मोठ्या धंद्यात एकाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होतो आणि उरेल त्यावर कर. आपण दोन झालो, म्हणून तुमचा तोटा वाया चाललाय. एक झालो की तोच तोटा माझा कर कमी करील. आणि परत पाठवतेय त्या ऑर्डरी घेतल्या, तर कर भरूनसुद्धा आतापेक्षा जास्त उरतं. कर द्यावा लागतो तो कमावल्यावरच ना? तो चुकवायला म्हणून कमवायचंच नाही, हे कुठलं शहाणपण?"

आपल्या तोट्याकडे इतक्या मायेने बघणारं माणूस जगात असेल असं दादांना कधी वाटलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"म्हणजे मामांना घेशील?"

"तिघांनाही. सहावा घेतला काय आणि आठवा घेतला काय, उंबरठा एकदाच ओलांडायचा असतो."

कागद म्हणजे कर कार्यालयाचा अर्ज होता. एकत्र धंदा, पगारी माणसं आठ. दादा म्हणाले, "मग मला नववा लिही. पगार नंतर ठरव. मळायला, भाजायला, सांगशील ते."

"वाचा तरी आधी."

दादांनी वाचलं. मालकांच्या रकान्यात दोन नावं होती. वरचं दादांचं होतं. पुढे सहीची जागा रिकामी होती आणि तारीख आदल्या दिवसाची घातली होती.

"हे तू कालच लिहिलंस?"

"अर्ज काल लिहिला. शाळेच्या कार्यक्रमाची ऑर्डरही कालच घेतली. सहाशे पाव, चाळीस केक, परवा सकाळी दहाला."

"अगं, पण पाच माणसांत हे होणार कसं? मी आलोच नसतो तर?"

"आठ दिवस भिंतीपलीकडे तुम्ही उसासे टाकताय, मला ऐकू येत नाही होय?" वहिनींनी पेन त्यांच्या हातात दिलं. "माझ्या दाराने कधी येताय, एवढीच वाट बघत होते. करा सही, आणि मामांना हाक मारा."