बावखलाच्या काठावरचे माझे तीन तास

माझे नाव कुणी ठेवले नाही, मित्रांनो. मी एक जुना संगणक आहे, पण मला पाहून ते कुणाला खरे वाटत नाही. मला पडदा नाही, कळफलक नाही, अंगावर साधे झाकणसुद्धा नाही. पत्त्याच्या पानाएवढी हिरवी पाटी, तिच्यावर थोड्या काळ्या चिपा आणि कडेला चार-पाच भोके, एवढाच काय तो माझा संसार. भुईगावच्या शाळेतला शिपाई तर मला कित्येक महिने रेडिओचा निखळलेला भाग समजत होता. मी मनाला लावून घेतले नाही. मला मुळातच पडून राहायला आणि स्वप्ने पाहायला आवडते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथला पांढरा उजेड, यंत्रांची गुणगुण आणि माझ्यासारखीच हजारो भावंडे तेवढी आठवतात. मग खोक्यातला लांबलचक अंधार. डोळे उघडले ते एस्थर टीचरच्या टेबलावर. त्या भुईगावच्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांनी मला विज्ञान प्रदर्शनासाठी आणले होते. माझ्या जोरावर मुलांनी दिव्यांची उघडझाप करून दाखवली, दुसरे बक्षीस मिळाले, माझा फोटो निघाला. "एवढासा आहे, पण कामाचा आहे हो!" असे एक पाहुणे म्हणाले. मी अगदी हुरळून गेलो. पुढच्याच आठवड्यात माझी रवानगी कपाटात, खडूंच्या खोक्यामागे झाली. आधी राग आला, मग रडू आले, मग सवय झाली. दोन वर्षे मी खडूच्या धुळीत झोपून होतो.

गेल्या नोव्हेंबरात एका शनिवारी टीचरनी मला पुन्हा हातात घेतले. फुंकर मारून धूळ उडवली. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

त्याचे कारण होते एक बावखल. तुमच्यापैकी ज्यांनी बावखल पाहिले नसेल त्यांना सांगतो. बावखल म्हणजे बागायतीमधले गोड्या पाण्याचे लहान तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, सावकाश जमिनीत मुरते आणि आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवते. समुद्र इतका जवळ, की वारा पडला म्हणजे लाटा ऐकू येतात. तरी विहिरी गोड, त्या बावखलामुळे. टीचरच्या माहेरचे बावखल पाच घरांच्या मालकीचे आहे. सगळी एकाच कुळाची. त्यांचा चुलतभावाच्या नात्यातला मेलरॉय ते बुजवायचे म्हणत होता. मेलरॉय काही वाईट माणूस नव्हे. दोन भावांची बिऱ्हाडे एका छपराखाली दाटीने राहत होती, त्याला घर बांधायला जागा हवी होती. तीन घरांनी त्याला होकार दिला होता. सोमवारी मातीचे डंपर येणार होते.

त्या कुळात एक रीत आहे. बावखलाची कुठलीही गोष्ट घरात बसून ठरवायची नाही. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की पाचही घरांनी बावखलाच्या काठावर यायचे आणि पाण्याकडे तोंड करून बसून ठरवायचे. पाचापैकी तीन घरे म्हणतील ते कायम. शेवटची बैठक दुसऱ्याच दिवशी होती.

टीचरकडे एक गोष्ट होती. वर्षभर त्यांच्या वर्गातल्या मुलांनी आपापल्या घरच्या विहिरीचे पाणी दर आठवड्याला तपासून वहीत लिहिले होते. त्यात या पाचही घरांतली मुले होती. त्या वह्यांच्या पानांचे फोटो टीचरनी काढून ठेवले होते.

"ग्रुपवर टाक ना मग," त्यांचे वडील युजीनबाबा म्हणाले.

"ग्रुपवर कोण उघडून बघतं, पप्पा? हात जोडल्याचं चित्र टाकतात नि मोकळे होतात. काठावर बसलेले असताना हातात पडायला हवं. पण तिथे रेंजचं नाव नाही."

रेंज नाही म्हणून मी. टीचरनी माझ्या पोटात नवे मेमरी कार्ड घातले, त्यावर पाचही घरांची पाने चढवली आणि लॅपटॉपवरून मला कामे समजावली. आता तूच नेटवर्क व्हायचे. जवळ येणाऱ्या प्रत्येक फोनला, दवाखान्यात देतात तसा एक नंबर द्यायचा, आणि कुणी दार वाजवले की वह्या उघडून दाखवायच्या. इंटरनेट लागणार नाही. माझ्या नेटवर्कला त्यांनी 'बावखल' असे नाव दिले. कुलूप घातले नाही. "उद्यापुरतंच आहे," त्या पुटपुटल्या. मला मात्र त्या एका दिवसापायी झोप लागेना.

रविवारी त्यांनी मला काठावरच्या जांभ्या दगडावर ठेवले आणि पॉवर बँकेची वायर जोडली. मी जागा झालो. डोक्यावर माडांच्या झावळ्या हलत होत्या, पाण्यावर शेवाळाची हिरवी साय होती आणि एक खंड्या काठीवर बसून माझ्याकडे बघत होता. मी माझ्या लहरी सोडल्या. कुणाला दिसत नाहीत त्या, पण मला जाणवतात. त्या पाण्यावरून गेल्या, केळीच्या पानांना लागून परत आल्या. एवढे मोठे अंगण मला कधी मिळाले नव्हते. मग माणसे आली, आणि त्यांच्या खिशांतले फोन एकेक करून माझ्याशी बोलू लागले. पहिला फोन जोडला गेला तेव्हा कुणी खांद्यावर हात ठेवावा तसे वाटले. एकोणीस फोन आले, मित्रांनो! मी सुखाने तापलो.

तिथेच घात झाला. टीचर खुर्च्या आणायला गेल्या होत्या. युजीनबाबांनी सहज माझ्यावर बोट टेकवले आणि चटका बसल्यासारखे मागे घेतले.

"अरे, हे लेकरू तापलं हाय की!" ते म्हणाले.

बाबांचे उभे आयुष्य पानवेलीत गेले. विड्याची पाने बाजारात न्यायची तर ती उन्हाने करपू नयेत म्हणून केळीच्या ओल्या सोपटात, म्हणजे खोडाच्या सालीत, गुंडाळतात. साठ वर्षे हात तेच करत आले. त्यांनी तेच केले. ताजे सोपट सोलले, बावखलात बुडवले, मला त्यात नीट, मायेने गुंडाळले आणि वरून केळीच्या दोरीने बांधलेसुद्धा. मला तो गारवा किती गोड वाटला म्हणून सांगू! कच्च्या केळीचा वास येत होता. पण ओल्या सोपटातून माझ्या लहरी बाहेर जाईनात. पाणी त्या पिऊन टाकत होते. फोन एकेक करून माझा हात सोडून गेले. मग एक थेंब माझ्या कोपऱ्यातल्या भोकात शिरला. आतून काहीतरी चटकले आणि मी स्वप्नात बुडालो. ते बावखलाच्या तळाशी पडून राहण्याचे स्वप्न होते, आणि वरून माती पडत होती.

बाहेर काय चालले होते ते मला नंतर कळले. कुणाच्याच फोनवर काही दिसेना. "राहू दे, एस्थर," मेलरॉय म्हणाला. "दुपार व्हायला आली. हात वर करू नि मोकळे होऊ."

टीचर दगडाकडे धावल्या. दगडावर एक हिरवी पुरचुंडी होती. "पप्पा, हे काय?"

"ताप उतरावा म्हणून..." बाबा म्हणाले. "पोरी, मी मारलं का गं त्याला?"

टीचर रागावल्या नाहीत. त्यांनी दोरी सोडली, रुमालाने मला टिपले आणि उन्हात धरले. त्या म्हणाल्या, "अर्धा तास द्या." कुणाला थांबायचे नव्हते. तेव्हा मेलरॉयची आई कार्मिनबाय म्हणाली, "आपन इथं आयुष्य काढलं, अर्धा तास काय मोठा?" आणि ती खाली गवतावर बसली. मग सगळेच बसले. माझे पाणी सुकेपर्यंत पाच घरे बसून आपल्या पाण्याकडे बघत होती. इतके सावकाश त्यांनी ते कित्येक वर्षांत पाहिले नसेल.

मी पुन्हा जागा झालो. एक भोक कायमचे निकामी झाले होते, पण लहरी सुटल्या. फोन परतले. प्रत्येकाने आपापल्या घराचे पान उघडले. मेलरॉयनेही उघडले. समोर त्याची मुलगी एलिसा हिच्या वहीतले मे महिन्याचे पान आले. त्या महिन्यात मेलरॉयने बावखलाची खोली मोजायला पंप लावून ते कोरडे केले होते. अकरा वर्षांच्या एलिसाने वाकड्या अक्षरांत लिहिले होते:

'आज विहिरीचे पाणी खारट. आजीच्या चहात दूध फाटले. आजी म्हणाली पप्पाला सांगू नको, तो दमून येतो. आजी तेच पाणी पिते. मला बाटलीतले देते.'

त्याखाली चार आठवडे खारट, खारट, खारट, खारट. मग पाऊस आला, बावखल भरले, आणि पुढच्या प्रत्येक ओळीत गोड.

बाकीच्या घरांच्या पानांवरही तेच होते. मेलरॉयने ते पान तीनदा उघडले, मी तिन्ही वेळा दाखवले. मग त्याने आईकडे पाहिले.

"आय, मला का नाही सांगितलं?"

"तुला घर पायजे होतं ना, बाबा," कार्मिनबाय म्हणाली.

तो उठला आणि झाडांतून रस्त्याच्या बाजूला, जिथे रेंज मिळते तिकडे गेला. तिथे माझ्या लहरी पोचत नाहीत, म्हणून तो कुणाशी काय बोलला ते मला ऐकू आले नाही. सगळे वाट पाहत होते. थोड्या वेळाने त्याचा फोन पुन्हा माझ्याशी जोडला गेला, त्याच्यामागून तो आला. "डंपर नको म्हणून सांगितलं," तो म्हणाला. युजीनबाबा तोंड फिरवून डोळे पुसू लागले. आहे त्याच घरावर एक मजला चढवायचा, असे तिथेच ठरले आणि पाचही घरांनी हात वर केले.

टीचरनी मला बंद केले. तीन तासांचेच ते नेटवर्क होते.

आता मी पुन्हा शाळेत आहे. ओल शिरलेल्या त्या कोपऱ्यावर हिरवा गंज चढतो आहे, आणि तो हळूहळू पुढे सरकतो आहे. माझे फार दिवस उरले नाहीत. त्याचे मला दुःख नाही. पण मित्रांनो, एक विनंती आहे. तुमच्या घरात माझ्यासारखे जे कुणी कपाटात पडले असेल, त्याला एकदा तरी काम देऊन पाहा. आणि मी कायमचा बंद पडलो की मला जपून, जिथे असल्या वस्तू गोळा करतात तिथे नेऊन द्या. माझ्या अंगात तांबे आहे, रसायने आहेत, आणखी काय काय विषारी आहे ते मलाही ठाऊक नाही. माझे त्या पाण्यावर फार प्रेम आहे. म्हणून सांगतो, मला त्यात टाकू नका. एलिसाची आजी ते पाणी पिते.