शेंड्याखालचा कोपरा

डॉक्टर, तुम्हाला माहीत होतं. मला आत सारताना माझा कोपरा नाकाच्या शेंड्याला टोचतोय, हे तुमच्या बोटांना कळलं होतं. पातं हातात होतं. थोडं तासलं असतंत तर भागलं असतं. पण बाहेर पुढची मुलगी ऑपरेशनची टोपी घालून तयार बसली होती, आणि तुम्ही टाके घातलेत.

मित्रांनो, मी सिलिकॉनचा एक जुना तुकडा आहे. गुडघ्यात वाकवलेल्या पायासारखा माझा आकार. कारखान्यात साच्यातून निघालो तेव्हा गुळगुळीत होतो, तुमच्या खोडरबरापेक्षा जरा घट्ट. माझा लांब भाग नाकाच्या दांड्यावर बसतो, आखूड भाग शेंड्याखाली खांबासारखा उभा राहतो. दोन्ही मिळतात तिथे माझा कोपरा. सगळं भांडण त्या कोपऱ्याचं.

सोल्बीला मी मिळालो तो आईकडून, कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेचं बक्षीस म्हणून. कोरियातल्या सोल शहरात त्या हिवाळ्यात तिच्या वर्गातल्या कितीतरी मुली नाकावरची पट्टी झाकायला मास्क लावून फिरत होत्या. तिने दवाखान्यात घाबरत विचारलं होतं, “शेंड्याला स्वतःच्या कानातलं मऊ हाड, ती कूर्चा, लावतात म्हणे?” मी समोर पाकिटात होतो. सल्ला देणाऱ्या बाई गोड हसल्या. “अगं, कान कशाला कापून घेतेस? हे एका तुकड्यात होतं. झटपट, आणि कायमचं.” डॉक्टर, तुम्ही शेजारीच होतात. तुम्ही मान डोलावलीत.

पट्टी बांधून ती सुवोनला घरी आली. तिथे तिच्या बाबांचं मांडूचं, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्यांचं, दुकान. बाबांचं नाक शेंड्याला गोल, भरलेलं. सोल्बीचंही तसंच होतं.

“अशा नाकात पैसा टिकतो,” बाबा पारीत सारण भरता भरता कुरकुरले. “आणि ही बया ते टोकदार करून आली!”

“टिकलेला पैसा दाखवा की जरा,” आई म्हणाली. “नोकरीच्या अर्जावर फोटो लावावा लागतो तिला. तुमचं नाक बघून कोण बोलावणार?”

बाबांनी पुढची पारी उचलली. पुढे कित्येक दिवस ते लेकीशी बोलताना तिच्या कपाळाकडे बघायचे.

सूज उतरावी म्हणून आई रोज भोपळ्याचा रस पाजायची. पट्टी निघाली आणि माझे दिवस आले. “काय नाक आहे!” मैत्रिणी म्हणायच्या. फोटो झकास आला, नोकरी लागली. मित्रांनो, मीही फुगलो होतो. स्तुती ऐकली की कोपऱ्यालाही वाटतं, आपण शोभेची वस्तू आहोत.

पण मी आत होतो, मला कळत होतं. शेंड्याची कातडी दरवर्षी पातळ होत होती. मागे सरायला मला जागा नव्हती, मऊ होणं माझ्या हातात नव्हतं. ती शिंकली की मी धसकायचो. ती पालथी झोपली की वाटायचं, आता फाटणार.

मग शेंडा लाल झाला. थंडीने असेल, म्हणून तिने पावडर लावली. लाली जाईना, तेव्हा डॉक्टर, ती तुमच्याकडे आली. त्याच बाई, तेच हसू. “सूज आहे गं. भोपळ्याचा रस घे.” इतक्या वर्षांनी! आई बिचारी खोकाभर पाकिटं घेऊन आली. सोल्बी रस पीत राहिली आणि मी कातडी झिजवत राहिलो. ती पुन्हा आली, तेव्हा डॉक्टर, तुम्ही दारातूनच बघितलंत आणि म्हणालात, “इतकं मनावर घेऊ नये.”

एका रविवारी ती दुकानात पाऱ्या लाटत होती. बाबांनी काहीतरी थट्टा केली, ती हसली, आणि बाबांचा हात थांबला. त्यांनी कितीतरी दिवसांनी तिच्या नाकाकडे पाहिलं होतं.

“सोल्बी, पुन्हा हस बघू.”

“का?”

“हस म्हणतो ना!”

ती कसंनुसं हसली. शेंडा ताणला गेला आणि मधोमध पांढरा ठिपका उमटला. तो मी होतो. बाबांनी पिठाच्या हाताने तिचं मनगट धरलं. “चल. त्यांच्याकडे नाही. दुसरीकडे.”

दुसऱ्या रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी बोट लावून सांगितलं, “अजून फुटलेलं नाही. पण आता थांबायचं नाही.” त्यांनी मला बाहेर काढलं आणि शेंड्याला सोल्बीच्या कानातली कूर्चा लावली. तिची तिचीच. कातडी सावरेल की आकसेल, हे त्यांनाही सांगता येत नाही. खोटं मात्र त्या बोलल्या नाहीत. सोल्बी रोज सकाळी आरशाकडे पाठ करून उठते आणि आधी बाबांना विचारते, “कसं दिसतंय?”

मित्रांनो, नाक गोल असो की टोकदार, तुमचं तुम्ही ठरवा. पण अंग दुखतंय म्हणून कुणी सांगत आलं, तर आधी ऐका.

आता मी एका बाटलीत आहे. डॉक्टर, आज सोल्बीने ती तुमच्या टेबलावर ठेवली आहे. बाई रसाचं नाव काढत नाहीत. बाबा दाराशी उभे आहेत, हातांना पीठ तसंच. डॉक्टर, पातं तुमच्या हातात होतं. तिने कानाचं विचारलं, तेव्हा तुम्ही मान का डोलावलीत? माझ्याकडे नका बघू. तिच्याकडे बघा आणि सांगा.